विश्लेषण : ऑनलाइन कोर्स पहिल्याच आठवड्यात का सुटतो? सुरुवात कशी असावी?

नव्या सत्राबरोबर महाविद्यालयांमध्ये ऑनलाइन विषयांची नोंदणी सुरू झाली, की विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर एकामागून एक लिंक येऊ लागतात. एक लिंक नोंदणीची, दुसरी व्हिडिओंची, तिसरी चाचणीची. शिकवणारे प्राध्यापक कोण, पहिले काम कोणते आणि ते कधीपर्यंत करायचे, हे मात्र अनेकांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळते. तोपर्यंत काही जणांनी तो विषय मनातून सोडूनही दिलेला असतो. ऑनलाइन विषयाचे गुण आणि श्रेयांक आता थेट पदवीत मोजले जात असल्याने ही सुरुवात नीट असणे महत्त्वाचे ठरते.

हा प्रश्न आताच का?

केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. त्याआधी २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्याची मुभा दिली होती. २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे पूर्वी हौस म्हणून केला जाणारा ऑनलाइन कोर्स आता गुणपत्रिकेत आला. तो राहिला तर श्रेयांक कमी पडतात आणि पुढच्या सत्रात बोजा वाढतो.

विद्यार्थी नेमके कुठे गळतात?

हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांनी २०१२-१३ मध्ये चालवलेल्या पहिल्या १७ मोफत ऑनलाइन कोर्सची आकडेवारी उपलब्ध आहे. एकूण नोंदण्या ८,४१,६८७ झाल्या. त्यांपैकी २,९२,८५२, म्हणजे जवळपास ३५ टक्के नोंदण्यांमध्ये कोर्सचा मजकूर एकदाही उघडला गेला नाही. प्रमाणपत्र मिळाले ४३,१९६ नोंदण्यांना, म्हणजे साधारण ५ टक्क्यांना.

हे आकडे जसेच्या तसे महाविद्यालयाला लावता येणार नाहीत. मोफत कोर्सला अनेक जण नुसते डोकावायला येतात, महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला गुण हवे असतात. पण एक गोष्ट दोन्हीकडे लागू होते. नोंदणी झाली म्हणजे विद्यार्थी आला, असे नसते. वर्गात मागच्या बाकावर बसलेला मुलगा निदान दिसतो. ऑनलाइन विषयात न आलेला विद्यार्थी कोणाला दिसतच नाही.

कारण फक्त आळस असते का?

प्रस्तुत प्रतिनिधीने अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी असाच एक ऑनलाइन विषय घेतला होता. पहिल्या चाचणीची तारीख एका पीडीएफच्या चौथ्या पानावर होती आणि ती पीडीएफ ग्रुपवरच्या शुभेच्छांच्या मेसेजखाली गाडली गेली होती. चाचणी हुकली. खोलीतल्या दोन मित्रांचीही हुकली. विषय अवघड नव्हता, आम्हाला दारच सापडले नव्हते. सरांना विचारावे म्हटले, तर विचारायचे कुठे हेही माहीत नव्हते.

घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात गेले असेल, मोबाइल दोघा भावंडांत एक असेल किंवा रोजचा डेटा मोजून वापरावा लागत असेल, तर अडचण वाढते. असा विद्यार्थी बहुतेकदा विचारत नाही. ‘बाकी सगळ्यांना कळले असेल, मलाच येत नाही’ असे समजून तो गप्प बसतो.

अभ्यासक काय सांगतात?

ब्रिटनमधील शिक्षणतज्ज्ञ गिली सॅमन यांनी ऑनलाइन शिकण्याचे पाच टप्पे मांडले. त्यात पहिला टप्पा आत शिरता येण्याचा आणि शिकावेसे वाटण्याचा, तर दुसरा एकमेकांची ओळख होण्याचा आहे. माहितीची देवाणघेवाण तिसऱ्या टप्प्यावर येते. आपल्याकडे अनेकदा पहिल्याच दिवशी तिसऱ्या टप्प्यावर उडी मारली जाते.

कॅनडातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार, ऑनलाइन वर्गात विषयाच्या विचाराइतकीच सोबत्यांची आणि शिक्षकाची जाणीवही असावी लागते. ऑनलाइन कोर्सचा दर्जा तपासणाऱ्या ‘क्वालिटी मॅटर्स’ या अमेरिकी संस्थेच्या निकषांत तर पहिलाच निकष कोर्सची ओळख आणि सुरुवात हा आहे. सुरुवात कशी करायची आणि कोणती गोष्ट कुठे मिळेल, हे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगितले आहे का, हे त्यात तपासले जाते.

मग चांगली सुरुवात कशी असते?

त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. प्राध्यापकांना पुढील गोष्टी सहज करता येतील.

• ‘इथून सुरुवात करा’ हे एकच पान : कोर्स उघडताच सर्वांत वर हे पान दिसावे. विषय कशाबद्दल आहे, आठवड्याला साधारण किती तास लागतील, गुण कसे मिळतील आणि आज नेमके काय करायचे, एवढेच त्यात असावे.

• वर्ग सुरू होण्याआधी पत्र : तीन-चार दिवस आधी ई-मेल आणि ग्रुप, दोन्हीकडे तोच मजकूर जावा. लिंक एकच असावी. नियमांची आणि दंडाची यादी पहिल्या ओळीत नको.

• शिक्षकाची ओळख : दोन मिनिटांचा मोबाइलवर केलेला व्हिडिओ पुरतो. शंका कुठे विचारायच्या आणि उत्तर किती वेळात मिळेल, हे त्यात सांगावे. सांगितलेली वेळ पाळावीही.

• बिनगुणांची पहिली चाचणी : पाच सोपे प्रश्न, तेही कोर्सच्या माहितीवरच. लॉगिन चालते का, उत्तर जमा होते का, हे गुण न गमावता कळते. एनपीटीईएलच्या कोर्समध्येही ‘शून्यावा आठवडा’ असतो आणि त्यातील असाइनमेंटचे गुण धरले जात नाहीत.

• सोपी ओळख : ‘स्वतःबद्दल लिहा’ म्हटले की मुले अडखळतात. ‘तुम्ही कुठून लॉगिन करता आणि या विषयाची कोणती भीती वाटते?’ असे विचारले तर उत्तरे येतात. मराठीत लिहिले तरी चालेल, हे आधीच सांगावे.

• ठरलेला वार : नवा धडा दर सोमवारी, चाचणी रविवारी रात्रीपर्यंत, असे एकदा ठरले की सत्रभर बदलू नये. प्रत्येक आठवड्याची मांडणीही सारखीच ठेवावी.

• कमी डेटाची सोय : प्रत्येक व्हिडिओसोबत वाचता येणारी टिपणे द्यावीत. नेटवर्क नसलेल्या गावातून शिकणाऱ्याला त्याचा आधार होतो. ऐकू कमी येणाऱ्या विद्यार्थ्यालाही होतो.

तांत्रिक बाजू कशी सांभाळायची?

गुगल क्लासरूम वापरणाऱ्या प्राध्यापकांची एक नेहमीची अडचण असते. ‘स्ट्रीम’मध्ये नवी सूचना वर येते आणि पहिल्या दिवशीची खाली जाते. त्यामुळे महत्त्वाचा मजकूर ‘क्लासवर्क’मध्ये आठवड्यांच्या नावांनी विषय करून ठेवावा आणि ‘इथून सुरुवात करा’ हा विषय सर्वांत वर ओढून घ्यावा. मूडलमध्ये सहभागींच्या यादीत प्रत्येकाने कोर्स शेवटचा कधी उघडला, ते दिसते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ही यादी पाहून न आलेल्यांना फोन करावा. साठ जणांच्या वर्गात असे दहा जण असले, तर तासाभराचे काम आहे.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिल्या दोन दिवसांत चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. पहिले काम कोणते? त्याची शेवटची तारीख कोणती? गुण कसे मोजणार? अडले तर कोणाला विचारायचे? यापैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर लगेच विचारावे. तोच प्रश्न वर्गातल्या इतरांनाही पडलेला असतो.

पहिले काम हुकले म्हणून कोर्स सोडण्याचीही घाई नको. एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरल्या जातात. त्यांना २५ टक्के, तर केंद्रावर होणाऱ्या परीक्षेला ७५ टक्के महत्त्व असते. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० गुण लागतात. म्हणजे पहिला आठवडा वाया गेला तरी वाट बंद होत नाही. पण हा नियम विद्यार्थ्याला बाराव्या आठवड्यात कळून उपयोग नाही. तो पहिल्या पानावरच लिहिलेला हवा.