एकाच चाकाचे बेअरिंग पुनःपुन्हा का जाते?

११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाचा जो पराभव केला, त्यामुळे जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु तेथून जामखेडला, भूमला किंवा पाटोद्याच्या बाजूस रोज ये-जा करणाऱ्या माणसाचा नित्याचा संबंध येतो तो रस्त्याशी आणि आपल्या वाहनाशी. अशा गावी पंधरा-वीस वर्षांची जुनी मोटार ही चैनीची वस्तू नसून शेतमाल, आजारी माणूस, शाळकरी मुले आणि लग्नकार्याचे पाहुणे या सर्वांची तजवीज करणारे घरचे साधन असते. आणि म्हणूनच तिचे एखादे चाक घोंघावू लागले, मेकॅनिकने बेअरिंग बदलून दिले, आणि पुढचा पावसाळा सरण्यापूर्वी तेच चाक पुन्हा तोच सूर काढू लागले, म्हणजे धन्याचा जीव मेटाकुटीला येतो. माल खोटा निघाला असे म्हणून तो दुसऱ्या दुकानातून दुसरे बेअरिंग आणतो, आणि तेही यथावकाश पहिल्याच्या वाटेने जाते.

बाजारात बनावट माल मुबलक आहे, ही गोष्ट खरी. यास्तव पावती घेऊन खात्रीच्या दुकानातूनच खरेदी करावी. तथापि माझे स्पष्ट मत असे की, एकाच चाकाचे बेअरिंग लागोपाठ निकामी होत असेल, तर कसूर बहुधा ते ज्या जागी बसविले आहे त्या जागेची, किंवा ते बसविण्याच्या रीतीची असते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील कापडगिरणीत विसाव्या शतकाच्या आरंभी नेमका हाच प्रकार घडत होता. गिरणीखालची चिकणमाती खचे, इमारत किंचित कलंडे, यंत्रांना गती देणारे लांबच लांब दांडे सरळ रेषेतून ढळत, आणि त्यांची बेअरिंगे एकामागून एक नादुरुस्त होत. स्वेन विंगक्विस्ट या तेथील तरुण अभियंत्याने या तक्रारीचे मूळ शोधले आणि १९०७ मध्ये दांडा थोडा तिरपा झाला तरी स्वतःला सावरून घेणारे, दुहेरी रांगेच्या गोळ्यांचे बेअरिंग निर्माण केले. त्यातूनच एसकेएफ ही कंपनी जन्मास आली, जिचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे. मोटारीच्या चाकाला मात्र ही सवलत देता येत नाही. चाक डगमगू नये हीच तेथे पहिली अट असल्यामुळे, जागा वाकडी असेल तर त्या वाकडेपणाचा सारा भार बेअरिंगलाच सोसावा लागतो.

प्रथम आवाज खरोखर बेअरिंगचाच आहे ना, याची खातरजमा करावी. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच बदलतो. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर चढतो आणि वळणावर कमी-अधिक होतो. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून त्या वेळी घोंघावणे वाढले तर संशय उजव्या बाजूवर घ्यावा. मग गाडी जॅकवर घेऊन, खाली भक्कम टेकू देऊन, चाक वरून-खालून धरून हलवावे. ते खुळखुळत असेल तर सोबत्याला ब्रेक दाबावयास सांगावे; त्याने हेलकावा नाहीसा झाला तर दोष बेअरिंगमध्ये, तसाच राहिला तर तो बॉल जॉइंटमध्ये किंवा सस्पेन्शनच्या अन्य सांध्यात शोधावा. ही साधी परीक्षा न केल्यामुळे पुष्कळ निर्दोष बेअरिंगे भंगारात गेली आहेत.

चौकशीचा खरा भाग जुने बेअरिंग बाहेर निघाल्यावर सुरू होतो, आणि दुर्दैवाने नेमके त्याच वेळी ते कोपऱ्यात भिरकावले जाते. ते मागून घ्यावे, रॉकेलने किंवा डिझेलने धुवावे आणि उजेडात न्याहाळावे. ज्या वाटेवरून गोळ्या फिरतात तीवर गोळ्यांच्याच अंतराने खळगे उमटलेले दिसले, तर ते ठोकून बसविले गेले असे खुशाल समजावे. वाट रिंगेच्या एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे तिरपी गेली असेल, तर स्पिंडल किंवा चाक पेलणारे नकल वाकलेले आहे. एखाद्या मोठ्या खड्ड्यात चाक आदळल्याची आठवण मालकाला विचारल्यावर बहुधा होतेच. पोलाद निळसर किंवा तपकिरी पडले असेल तर उष्णता झाली आहे, मग ती नट फार आवळल्याने असो, ग्रीस आटल्याने असो, की ब्रेक सुटत नसल्यामुळे ड्रम सतत तापत राहिल्याने असो. ग्रीस दुधासारखे पांढुरके झाले असेल आणि गंजाचे व्रण असतील, तर ऑइल सील फाटले असून ओढ्याचे किंवा धुलाईच्या फवाऱ्याचे पाणी आत गेले आहे. क्वचित जळकट ठिपके आढळतात. गाडीवर वेल्डिंग करताना अर्थची तार दूर लावल्याने विद्युत्प्रवाह बेअरिंगमधून गेल्याची ती खूण होय.

परंतु पुनरावृत्तीचे सर्वांत मोठे कारण मला वाटते ते असे, की बाहेरच्या रिंगेची पाठ चकचकीत घासलेली, किंवा तांबूस भुकटीने माखलेली असते. याचा अर्थ, जी रिंग हबमध्ये घट्ट बसून स्थिर राहावयाची ती आत फिरू लागली आहे, कारण वारंवार ठोकाठोकीने हबचे भोक मोठे किंवा लंबवर्तुळाकार झाले आहे. अशा वेळी भोकाच्या भिंतीवर पंचाने ठिपके मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून नवे बेअरिंग घट्ट करण्याचा रिवाज आहे. तो मी सर्वस्वी त्याज्य मानतो. ठिपक्यांची टोके लवकरच दबतात, पट्टी एका अंगास जाड होऊन रिंग वाकडी बसते, आणि मालक पूर्वीच्याच जागी येऊन पोहोचतो. भोक मापाने तपासून नकल किंवा हबच बदलणे महाग वाटले, तरी चार बेअरिंगे आणि चारदा दिलेली मजुरी यांच्या हिशेबाने ते स्वस्तच पडते.

बसविण्याची रीत गाडीगणिक भिन्न आहे. जुन्या मोटारींच्या पुढच्या चाकांत पुष्कळदा निमुळत्या रोलरची बेअरिंगे असतात. वळणावर चाकाला बाजूने जो रेटा बसतो तो सोसण्यासाठी ही रचना हेन्री टिमकेन या अमेरिकन बग्गी-कारखानदाराने १८९८ मध्ये पेटंट केली. या बेअरिंगांचा नट चाक फिरवीत आवळावा, मग सैल करावा, पुन्हा हलक्या हाताने टेकवावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. ठेवावयाची मोकळीक मिलीमीटरच्या दशांशाच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी असते. आतला कोन आणि बाहेरचा कप ही जोडी एकत्रच बदलावी. जुन्या कपात नवा कोन घालणे ही खोटी काटकसर होय. उलट गोळ्यांच्या प्रेस केलेल्या बेअरिंगांत नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कपर्यंत पुरा आवळावा लागतो, आणि दोन बेअरिंगांच्या मध्ये ठरावीक लांबीचे कॉलर असेल तर ते गाळून चालत नाही. दाब नेहमी घट्ट बसणाऱ्या रिंगेवरच द्यावा: हबमध्ये घालताना बाहेरच्या, आसावर चढविताना आतल्या. ज्याच्याकडे प्रेस नाही त्या मेकॅनिकने हे काम प्रेस असलेल्या गॅरेजकडे न्यावे, यात कमीपणा नाही.

भाराचाही विचार करावा. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार सव्वापट झाला की आयुष्य निम्म्यावर येते, दुप्पट झाला की अष्टमांशावर. शोभेसाठी लावलेले रुंद, बाहेर आलेले रिम हेच करतात, कारण त्यामुळे रेटा आसापासून दूर जाऊन त्याची तरफ वाढते.

घोंघावणाऱ्या चाकावर लांबचा प्रवास करू नये. बेअरिंग पुरते मोडले म्हणजे चाक जाम होते, आणि प्रसंगी हबसह निखळते. पुढच्या वेळी गॅरेजात जाल तेव्हा काढलेले बेअरिंग मागून घ्या, मेकॅनिकसमोर बसून ते दोघांनी मिळून पाहा, आणि नवे आत जाण्यापूर्वी हबचे भोक मोजून घ्यावयास सांगा.