हिमपक्ष्यांचा मुक्काम

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे गाव आहे. थंडी पडली की उत्तरेकडून, थेट कॅनडातूनही, हजारो वृद्ध चाकांवरची घरे घेऊन तेथे उतरतात. लोक त्यांना 'हिमपक्षी' म्हणतात. गावालगत ला पोसा येथील सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवान्याने राहता येते. वीज सूर्याकडून मिळते. पाणी मात्र टाकीत असेल तेवढेच, म्हणून भांडी विसळतानाही हिशेब! सारेच हौसेने येतात असे नव्हे. कित्येकांना घरभाडे झेपत नाही. गाडी हेच त्यांचे घर. (आम्हा निवृत्तिवेतनाकडे डोळे लावून बसलेल्यांना हे चटकन उमजावे.) ऊन तापू लागताच घरवाले उत्तरेस परततात. बाकीचे डोंगरांतील सरकारी जंगले गाठतात. तेथे एका जागी बहुधा चौदाच दिवस राहू देतात.