वलवणमध्ये बाटली आडवी करायची असेल तर

दारूच्या दुकानाविरुद्ध सह्यांची मोहीम निघाली की कुणीतरी म्हणतंच, ‘सह्यांनी काय होणार? आपल्याकडे लोकांना विचारतंय कोण!’ स्वित्झर्लंडमध्ये अठरा महिन्यांत एक लाख सह्या जमल्या, तर राज्यघटना बदलण्याच्या प्रस्तावावर देशभर मतदान घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियात 1978 साली मतदारांनीच मालमत्ता कराला लगाम घातला. असा सर्वसाधारण अधिकार भारताच्या राज्यघटनेने नागरिकांना दिलेला नाही, हे खरं. म्हणून महाराष्ट्रात लोकांच्या हाती काहीच नाही, हे मात्र चूक.

राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाने एक दार उघडून ठेवलं आहे. गावातल्या किंवा नगरपालिकेच्या वॉर्डातल्या एकूण मतदारांपैकी, अथवा फक्त महिला मतदारांपैकी, 25 टक्के जणांनी लेखी मागणी केली की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. निवेदन देऊन वाट बघणं आणि यंत्रणेला मतदान घ्यायला लावणं यांत मोठा फरक आहे, आणि तो फरक बायकांच्या सह्यांनी पडू शकतो, ही मला या आदेशातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

‘पण हे खेड्यांसाठी, तिथे ग्रामसभा असते,’ असं वलवणमध्ये कुणी म्हटलं तर त्यात अर्धं तथ्य आहे. वलवण गाव जुनं असलं तरी कारभार लोणावळा नगरपरिषदेचा. इथे ग्रामसभा नाही. शेजारच्या कार्ल्याला किंवा कुरवंड्याला ती आहे. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा नगरसेवकांची असते. तिथे नागरिकाला मत नाही. बाटलीच्या मतदानाला मात्र ग्रामसभा लागत नाही. आदेशात वॉर्डाचाही उल्लेख आहे.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज पुढचा आहे. ‘जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की जिंकलो.’ तसं नाही. आदेशातली अट झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मतांची नाही, तर यादीतल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांची आहे. समजा यादीत हजार महिला आहेत. अडीचशे सह्यांवर मतदान लागलं. त्या दिवशी सहाशे जणी आल्या, त्यातल्या साडेचारशे जणींनी बाटली आडवी केली. चारातल्या तिघींचा कौल मिळाला, तरी मागणी फेटाळली जाते, कारण 501 मतं हवी होती. घरी राहिलेल्या चारशे जणींनी काहीही न करता दुकान वाचवलं. लग्न होऊन तळेगावला गेलेली मुलगी, वारलेली आजी, मुंबईला राहायला गेलेलं कुटुंब, यांची नावं यादीत असतील तर तीही हिशेबात विरोधातच जमा होतात. आमदार निवडताना आपण अशी अट घालत नाही. दुकान बंद करणाऱ्या बायकांना ती घालणं मला अन्यायाचं वाटतं. पण 2008 च्या आदेशातला नियम असा आहे आणि तो माहीत नसल्याने हरणं त्याहून वाईट.

हातभट्टीसाठीही मतदान मागणारे भेटतात. त्याची गरजच नाही. हातभट्टी मुळात बेकायदाच आहे. तिथे पोलिसांत किंवा उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार करायची. मतदान परवाना असलेल्या दुकानासाठी.

‘लोकांनी कौल दिला की सरकारला तो पाळावाच लागतो,’ हेही तपासून घ्यायला हवं. गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी फूल की दोन पानं, असा कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं नाही, या दोन पानांच्या बाजूला 34,021 मतं जास्त पडली आणि निकाल टिकला. पण ते मतदान नागरिकांच्या सह्यांवर झालेलं नव्हतं. संसदेने 1966 मध्ये त्यासाठी कायदा केला होता. आता घाटाखालचं उदाहरण बघा. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या गावांत महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर शेतकऱ्यांचं मत सरकारने मतदानातून आजमावलं. शेतकरी कामगार पक्षाचे नेते एन. डी. पाटील यांच्यासारख्यांनी लढवलेल्या आंदोलनाचा तो रेटा होता. मात्र ते मतदान सरकारवर बंधनकारक नव्हतं. प्रकल्प उभा राहिला नाही, तो आंदोलन टिकल्यामुळे आणि भूसंपादन मुदतीत पुरं न झाल्यामुळे. बाटलीच्या मतदानामागे नियम आहे, पेणच्या मतदानामागे तो नव्हता.

वलवणमध्ये कुणाच्या मनात हे काम असेल, तर आधी वॉर्डाची मतदार यादी घेऊन घरोघर जावं. नगरपरिषदेची यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते, म्हणून मयत आणि स्थलांतरितांची नावं वगळण्यासाठी नमुना 7 तिथेच भरावा लागतो. अठरा पूर्ण झालेल्या मुलींसाठी नमुना 6. सह्यांचा कागद त्यानंतर फिरवायचा, आणि सही घेताना यादीतला अनुक्रमांक शेजारी लिहून घ्यायचा, म्हणजे पडताळणीत नाव सापडत नाही म्हणून सही बाद होत नाही.