सनदेकडून राजशासनाकडे : अमेरिकेतील इंग्रजी वसाहती

अमेरिकेतील इंग्रजी वसाहती आरंभापासून इंग्लंडच्या राजाच्या प्रत्यक्ष शासनाखाली होत्या, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः त्यांपैकी बहुतेक वसाहती राजाने दिलेल्या सनदेच्या बळावर व्यापारी मंडळ्यांनी अथवा सरदारांनी वसविल्या. पुढे त्या राजाच्या हाती आल्या त्या मुख्यतः सैन्याच्या नव्हे, तर कायद्याच्या मार्गाने, हे येथे दाखवावयाचे आहे.

पहिले उदाहरण व्हर्जिनियाचे. १६०६ च्या सनदेने लंडनच्या व्यापाऱ्यांना तेथे वसाहत करण्याचा अधिकार मिळाला. परंतु रोगराई, भागीदारांतील तंटे आणि १६२२ मध्ये मूळ रहिवाशांनी केलेला हल्ला यांमुळे व्हर्जिनिया कंपनी डबघाईस आली. तेव्हा पहिल्या जेम्सच्या वतीने तिच्यावर ‘क्वो वॉरंटो’ हा दावा लावण्यात आला. या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘कोणत्या अधिकाराने?’ असा होतो. अशा दाव्यात आपला अधिकार सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर पडतो. १६२४ च्या मे महिन्यात किंग्ज बेंच न्यायालयाने कंपनीविरुद्ध निकाल दिला, आणि १६२५ मध्ये पहिल्या चार्ल्सने ही वसाहत आपल्या प्रत्यक्ष शासनाखाली असल्याचे घोषित केले. आपल्याकडे १८५८ मध्ये कंपनीचे राज्य पार्लमेंटच्या कायद्याने संपले. व्हर्जिनियात तेच कार्य न्यायालयाने केले.

मॅसॅच्युसेट्सचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तेथील संस्थापकांनी १६२९ ची सनद १६३० मध्ये स्वतःबरोबर अमेरिकेत नेली आणि कारभारही तेथूनच चालविला. त्यामुळे १६८३ चा ‘क्वो वॉरंटो’ दावा समुद्रापारच्या प्रतिवादींवर बजावताना अडखळला. अखेर चॅन्सरी न्यायालयात निराळी कारवाई करून १६८४ मध्ये सनद रद्द करण्यात आली. त्यानंतर लादलेली एकत्रित राजवट बोस्टनच्या नागरिकांनी १६८९ मध्ये उलथविली. १६९१ च्या नव्या सनदेत तडजोड झाली : गव्हर्नर राजाने नेमावयाचा, प्रतिनिधिसभा मात्र लोकांची.

इतरत्र कारणे निराळी होती. न्यूयॉर्कचा स्वामी ड्यूक ऑफ यॉर्क १६८५ मध्ये स्वतःच राजा झाला. कॅरोलायनाच्या आठ स्वामींपैकी सात जणांनी आपले हक्क १७२९ मध्ये राजाला विकले. जॉर्जियाच्या विश्वस्तांनी १७५२ मध्ये आपली सनद परत केली. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड यांनी मात्र आपल्या सनदा टिकविल्या.

तथापि राजशासन आले म्हणून स्थानिक स्वशासन नष्ट झाले, असे नव्हे. व्हर्जिनियाची १६१९ मध्ये भरलेली प्रतिनिधिसभा कंपनीच्या मागेही टिकली. अनेक वसाहतींत राजाच्या गव्हर्नराचे वेतनही अशा सभेच्या मंजुरीवर अवलंबून राहिले.

या साऱ्या प्रकरणांच्या मुळाशी ‘सनद’ या शब्दाच्या अर्थाचा वाद होता. राजाच्या दृष्टीने ती कृपा होती. अटी मोडल्यास परत घेण्याजोगी. वसाहतकारांच्या दृष्टीने ती करार होती. दोन्ही पक्षांना बांधणारी. १७७४ मध्ये पार्लमेंटने मॅसॅच्युसेट्सची १६९१ ची सनद एकतर्फी बदलून तेथील लोकनियुक्त मंडळाच्या जागी राजनियुक्त मंडळ आणले, तेव्हा या दोन अर्थांचा उघड संघर्ष झाला. १६२४ मध्ये ‘कोणत्या अधिकाराने?’ हा प्रश्न राजाने वसाहतीच्या चालकांना विचारला होता. दीडशे वर्षांनी तोच प्रश्न वसाहतींनी इंग्लंडच्या सत्तेला विचारला.