वटवाघळाच्या देहातील दूषीविष

संधिवाताने त्रस्त असलेल्या एका वृद्ध रुग्णेचा मुलगा काही महिन्यांपूर्वी आमच्या चिकित्सालयात आला. त्याच्या हाती काळपट तेलाची एक लहान बाटली होती. बाजाराच्या दिवशी एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेली ती वटवाघळाची चरबी असल्याचे त्याने सांगितले. "डॉक्टर, आईच्या गुडघ्याला हे चोळलं तर चालेल का?" आम्ही तत्काळ "नको" म्हणालो. परंतु "का नको?" असे त्याने विचारले, तेव्हा आमच्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. ते उत्तर शोधताना जे वाचनात आले आणि त्यातून आमच्याच औषधालयाविषयी जो प्रश्न उभा राहिला, तो वैद्यबंधु-भगिनी व औषधालयचालक यांच्यापुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

लहान देह, दीर्घ आयुष्य

एवढ्याशा आकाराचे इतर सस्तन प्राणी, उदाहरणार्थ उंदीर वा चिचुंद्री, फार थोडी वर्षे जगतात. वटवाघूळ मात्र दीर्घायुषी आहे. सैबेरियात वळे घालून सोडलेले, अवघ्या काही ग्रॅम वजनाचे एक वटवाघूळ किमान ४१ वर्षांनी पुन्हा सापडल्याची नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. कीटकभक्षी वटवाघूळ एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतके किंवा त्याहूनही अधिक कीटक खाते. म्हणजे आहार प्रचंड, आयुष्य दीर्घ आणि देह लहान. कीटकांमधून येणारा अल्पसा धातूही अशा देहात वर्षानुवर्षे साठत जातो.

अमेरिकेतील बाल्टिमोर ते वॉशिंग्टन या हमरस्त्यालगत पकडलेल्या लहान सस्तन प्राण्यांच्या देहातील शिशाचे मापन डोनाल्ड क्लार्क यांनी १९७९ साली प्रसिद्ध केले. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याचा तो काळ. एकाच परिसरातील उंदरांच्या एका जातीत शिशाचे सरासरी प्रमाण सुमारे साडेतीन पीपीएम, तर तपकिरी रंगाच्या मोठ्या वटवाघळांत ते सुमारे ४७ पीपीएम आढळले. ऑस्ट्रेलियातील फळभक्षी वटवाघळांमध्ये शिशाच्या विषबाधेची नोंद १९८३ साली झाली. पुढे तेथील शहरी आणि शहराबाहेरील वटवाघळांची तुलना केली असता शहरी वटवाघळांच्या अवयवांत शिसे अधिक आढळले. केसांवर बसलेली धूळ अंग चाटताना पोटात जाणे, हा त्याचा एक मार्ग मानला जातो.

पाऱ्याची कथा अधिक बोलकी आहे. व्हर्जिनिया राज्यातील वेन्सबोरो येथील एका कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात १९२९ ते १९५० या काळात पारा वापरला जात असे. तो साउथ नदीत उतरला, गाळातील जीवाणूंनी त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर केले आणि तेथून तो जलकीटकांत व कीटकांतून वटवाघळांत पोहोचला. त्या नदीकाठच्या वटवाघळांच्या रक्तात व केसांत इतर ठिकाणच्या वटवाघळांपेक्षा अधिक पारा असल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. पाऱ्याचा वापर थांबून साठ वर्षे लोटली होती!

दूषीविषाचे स्मरण

हे वाचताना सुश्रुताच्या कल्पस्थानातील दूषीविषाचे वर्णन आठवल्याखेरीज राहत नाही. अल्पवीर्य असल्यामुळे जे तत्काळ मारीत नाही, कफाने आवृत होऊन वर्षानुवर्षे शरीरात राहते आणि देश, काल, अन्न, दिवास्वाप यांनी दूषित होऊन पुढे विकार उत्पन्न करते, ते दूषीविष. साचलेला जड धातू म्हणजेच दूषीविष, असे समीकरण आम्ही मांडीत नाही. तथापि साम्य विचार करण्याजोगे आहे. मनुष्याच्या शरीरात शिसे अस्थींमध्ये दशकानुदशके राहते. गर्भिणी व सूतिकावस्थेत अस्थींची झीज होते, तेव्हा ते पुन्हा रक्तात उतरते. कॅडमियम वृक्कांत साठते आणि त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. आज दिसणाऱ्या लक्षणाचे कारण कित्येक वर्षांपूर्वीचे असू शकते, हे चिकित्सकाने विसरता कामा नये.

त्या बाटलीचे उत्तर

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. जड धातू मुख्यतः वृक्क, यकृत, अस्थी व केस यांत साठतात. चरबीत ते तुलनेने कमी असतात. तेव्हा केवळ शिशाचे भय दाखवून त्या तेलाचा निषेध करणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. खरे कारण असे की, ते वटवाघूळ कोठे राहिले, काय खाऊन वाढले आणि त्याचे कोणते अवयव त्या बाटलीत उतरले, हे कोणीच सांगू शकत नाही. शिवाय वटवाघळे हाताळण्यात निपाहसारख्या विषाणूचा धोका आहे. केरळातील २०१८ ची साथ सर्वांच्या स्मरणात आहे. महाबळेश्वर येथील गुहेतून २०२० साली तपासलेल्या वटवाघळांतही या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या. ज्या द्रव्याचे मूळ ठाऊक नाही, ते औषध नव्हे. हे उत्तर आम्ही त्या मुलाला पुढच्या भेटीत दिले आणि त्याला ते पटलेही.

परंतु त्याच आठवड्यात आमच्याकडे पुनर्नवा घेऊन येणाऱ्या गृहस्थांना आम्ही सहज विचारले, "ही कुठली आणता?" ते म्हणाले, "हायवेच्या कडेची, साहेब. तिथंच चांगली माजते." गेली कित्येक वर्षे आम्ही ती घेत होतो, तिचे चूर्ण करीत होतो आणि शोथाच्या रुग्णांना महिनोन्‌महिने देत होतो. त्या मुलाला जो प्रश्न विचारायला आम्ही शिकवले, तो आम्ही स्वतः कधी विचारलाच नव्हता.

आपल्या औषधालयांसाठी

बोस्टन परिसरातील दुकानांत विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी रसशास्त्राचा पक्ष घेतला. रसौषधींचा वाद स्वतंत्र आहे आणि तो प्रमाणांनीच सुटेल. परंतु केवळ वनस्पतिज औषधात धातू आढळला, तर शोधन-मारणाचा आधार आपणांस घेता येत नाही. तेथे ना शोधन झालेले असते, ना मात्रा ठरलेली, ना रुग्णास त्याची कल्पना.

भारतातून निर्यात होणाऱ्या वनस्पतिज आयुर्वेदीय औषधांसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा आपणांस परिचित आहेत. परदेशी रुग्णासाठी जी दक्षता, ती आपल्या गावच्या रुग्णासाठी का नसावी?

लहान औषधालयांना प्रत्येक खेपेची तपासणी परवडत नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो. तरी तीन गोष्टी सहज शक्य आहेत. पहिली, प्रत्येक द्रव्यासोबत संग्रहाचे ठिकाण व तारीख नोंदवावी. दुसरी, हमरस्ता, कारखान्याचे सांडपाणी व कचराभूमी यांलगतचे द्रव्य किंमत कितीही कमी असली तरी नाकारावे; धुतल्याने वरची धूळ जाते, मुळांनी शोषलेला धातू जात नाही. तिसरी, दीर्घकाळ देण्याच्या द्रव्यांची तरी तपासणी करून घ्यावी. चार-पाच औषधालयांनी एकत्र खरेदी केल्यास एकाच खेपेचा खर्च वाटून घेता येतो.

वारूळ, स्मशान यांसारख्या ठिकाणांनी उपहत झालेली भूमी औषधसंग्रहास वर्ज्य सांगताना सुश्रुताचार्यांनी भूमिपरीक्षेचा वस्तुपाठच घालून दिला आहे. त्या यादीत हमरस्ता नाही, कारण तेव्हा तो नव्हता. ती भर आपण घालावयाची आहे. आमच्या औषधालयातील पुनर्नवेचा उरलेला साठा आम्ही काढून टाकला असून, नव्या नोंदवहीचे पहिले पान तिच्याच नावाने सुरू केले आहे.

इत्यलम्।