पावसाळ्यात टिकेल ती घरची वीज

घरच्या घरी वीज करण्याच्या कल्पना रायगडात नव्या नाहीत. गेल्या पन्नासेक वर्षांत पेण-रोह्याच्या पट्ट्यात गोबरगॅस आला, इन्व्हर्टर आले, सौरकंदील आले आणि आता पत्र्यावर सोलर पॅनेल चढताहेत. यातलं काय टिकलं आणि काय अडगळीत गेलं, याचा निकाल दर वेळी पावसाळ्याने लावला.

मोठ्यांनी हा पाऊस फार आधी ओळखला होता. टाटांनी मुळशीला धरण बांधून घाटावरचं पाणी अडवलं, ते सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला आणलं आणि १९२७ पासून तिथे वीज होऊ लागली. त्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. चक्रं फिरवून सुटलेलं पाणी कुंडलिकेतून रोह्याकडे येतं. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. वीज मात्र तारांवरून थेट मुंबईला गेली. आसपासच्या डोंगरातल्या वाड्यांवर त्यानंतरही कैक वर्षं रॉकेलची चिमणीच होती.

घरगुती प्रयोगांत पहिला मान गोबरगॅसचा. तळकोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी तो मनापासून रुजवला. १९८१-८२ नंतर सरकारी अनुदानामुळे तो गावोगाव दिसू लागला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज चाळीस-पन्नास किलो शेण लागतं. कोकणातली गुरं लहान चणीची आणि दिवसभर रानात चरणारी. एवढं शेण गोळा होणार कुठून? झालेला गॅस चुलीलाच पुरे पडायचा. मॅंटलचा दिवा लावता यायचा, पण जनित्र चालवण्याइतका गॅस उरत नसे. गोठे रिकामे झाले तशा टाक्याही कोरड्या पडल्या.

पुढे २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने सगळ्यांनाच पर्याय शोधायला लावले. पेणला त्याची झळ वेगळीच. गणपतीच्या कारखान्यांचा हंगाम ऐन आषाढ-श्रावणात. रंगाच्या स्प्रेला कॉम्प्रेसर लागतो आणि डोळ्यांच्या आखणीला स्थिर, लखलखीत उजेड. आखणीत हात चुकला की मूर्तीचा चेहराच बदलतो. त्यामुळे उजेडासाठी इन्व्हर्टर आणि कॉम्प्रेसरसाठी डिझेलचा जनरेटर, अशी वाटणी झाली. इन्व्हर्टर वीज तयार करत नाही, फक्त बॅटरीत साठवलेली परत देतो, हे तेव्हा घराघरात कळलं.

दुर्गम ठाकूर-कातकरी वाड्यांवर संस्थांनी सौरदिवे दिले. उन्हाळ्यात ते छान चालले. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसेना, बॅटरी अर्धीच भरायची, तशीच रिकामी व्हायची आणि दोन-तीन वर्षांत मान टाकायची. नवी घ्यायची तर ती कोणी आणि कशातून, हे दिवे देताना ठरलेलं नसे.

खरी परीक्षा ३ जून २०२० ला झाली. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर धडकलं. खांब आडवे झाले. रोह्यासह दक्षिण रायगडातल्या कितीतरी गावांना दिवसेंदिवस, आडबाजूला तर आठवडेच्या आठवडे अंधारात काढावे लागले. त्या दिवसांत कामाला आली ती गाडीची बॅटरी. बारा व्होल्टची, पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी अर्धीच वापरली तरी पाच वॉटचे दोन एलईडी रोज चार तास, असे पाचेक रात्री चालतात. गाडी थोडा वेळ सुरू ठेवली की ती पुन्हा भरते. वायरचे दोन तुकडे, दोन चिमटे आणि मध्ये एक फ्यूज, एवढीच काय ती सामग्री.

नंतर छपरावरच्या सोलरची हवा आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना सुरू झाली; तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान. वीजबिल उतरतं, हे खरंच. पण अनेकांना धक्का बसतो तो लाइन गेल्यावर. डोक्यावर पॅनेल आणि घरात अंधार! ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन जाताच स्वतःला बंद करतो, नाहीतर घरातली वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तरच अंधारात उपयोग, आणि तो खर्च अनुदानात धरलेला नाही.

इतकं सगळं करून झालं, तरी भिऱ्याला जे मोठ्या प्रमाणावर केलं ते लहान प्रमाणावर करून पाहणं आपल्याकडे मागेच राहिलं. सातपुड्यात बिलगावच्या लोकांनी केरळातल्या तरुण तंत्रज्ञांना साथ देत, श्रमदानाने २००३ मध्ये उदई नदीवर पंधरा किलोवॉटचा प्रकल्प उभा केला. ‘स्वदेस’ चित्रपटातल्या विजेच्या गोष्टीमागे त्याचीच प्रेरणा सांगतात. २००६ च्या पुरात तो गेला. कर्नाटकच्या मलनाडात तर ओढ्यांवर एक किलोवॉटची यंत्रं शेकडो घरांनी बसवली आहेत. सह्याद्री तोच, पाऊसही तसाच.

हिशेब अवघड नाही. वीस मीटर उंचीवरून सेकंदाला पाच लिटर पाणी पाइपातून खाली आणलं, तर सुमारे हजार वॉट ताकद मिळते. निम्मी वाया गेली तरी पाचशे वॉट उरतात. दिवे, पंखे, मोबाइल आणि एक टीव्ही एवढं त्यात आरामात भागतं, तेही रात्रंदिवस. दिवाळीनंतर ओहोळ आटतो, पण तोवर ऊन स्वच्छ पडायला लागलेलं असतं. म्हणजे आठ महिने पॅनेल, चार महिने पाणी आणि मध्ये एक बॅटरी. सुधागड, रोहा, पेणच्या डोंगरउतारावरच्या वाड्यांना हीच जोडी शोभते. फक्त पाइपाच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा भर पावसात रोज कोण काढणार, हे यंत्र आणायच्या आधी वाडीच्या बैठकीत ठरायला हवं.