रुक्का आला, पण एपीके होऊन

लग्नसराई जवळ आली की नांदेड-लातूरकडच्या घरांत रुक्के यायला लागतात. पूर्वी कुणीतरी नातेवाईक स्वतः घेऊन यायचे, चहा व्हायचा, सगळ्यांची खैरियत विचारली जायची. आता रुक्का व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आणि नेमकी हीच वाट चोरांनी धरली आहे. आपल्या शेजारच्या हिंगोलीत ऑगस्ट २०२५ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याला अनोळखी नंबरवरून शादीचे आमंत्रण आले. पीडीएफसारखी दिसणारी ती फाईल उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

ती पीडीएफ नव्हती, एपीके होती. पत्रिका म्हणजे चित्र किंवा कागद. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसणारे आख्खे अ‍ॅप. कधी ते आमंत्रण म्हणून येते, कधी आरटीओचे चलन, कधी बँकेचे केवायसी किंवा शेतकरी योजनेचा हप्ता म्हणून. बसताना ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते. ती एकदा मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्या आधी चोराला दिसतो. मग ते आपले चिन्ह लपवते. काही अ‍ॅप ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगीही घेतात. ही सोय मुळात नजर कमजोर असलेल्यांसाठी आहे, पण तिच्या जोरावर अ‍ॅप स्क्रीन वाचते, स्वतःच बटणे दाबते, आणि आपण ते काढायला गेलो की सेटिंगमधून बाहेर फेकते. लोक म्हणतात, ‘सर, काढलं तरी जात नाही.’ त्याचे कारण हेच.

अशा वेळी आधी इंटरनेट बंद करा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. खाते, कार्ड, यूपीआय थांबवायला सांगा. लगेच १९३० लावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची असते. म्हणून तक्रारीची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा. ‘लोक काय म्हणतील’ या विचारात आपल्याकडे रात्र घालवली जाते, आणि चोराला तेवढीच पुरते. आलेला मेसेज पुसू नका, पोलिसांना तो लागतो.

मग फोनकडे वळा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण दाबून ‘पॉवर ऑफ’वर बोट धरून ठेवले की ‘सेफ मोड’ विचारतो. या अवस्थेत बाहेरून टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत, म्हणजे अडवणारा झोपलेला असतो. सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी या दोन्ही ठिकाणी अनोळखी नाव दिसले तर आधी त्याचा अधिकार काढा, नंतर अ‍ॅप काढा. अधिकार असताना ‘अनइन्स्टॉल’ चालत नाही. निम्मे लोक इथेच अडकतात. तरीही शंका राहिली तर फोटो-नंबर बाजूला काढून फोन फॅक्टरी रिसेट करा. एपीके फाईल मात्र परत आणू नका. पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. ज्यांची मुले लातूरला नीटच्या क्लासला आहेत आणि दर महिन्याला मेसचे पैसे याच फोनवरून जातात, त्यांनी हे टाळू नये.

पुढचा प्रश्न: कोणते अँटीव्हायरस घ्यावे? ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस आहेत’ अशी लाल पाटी अचानक आली तर ती खरी समजू नका. इंटरनेटचे पान तुमचा फोन असा तपासूच शकत नाही. अशा पाटीवरून घेतलेले ‘अँटीव्हायरस’ बहुधा स्वतःच हेर असते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तिथे सफाईची साधने मोफत मिळतात. फोनमधले प्ले प्रोटेक्ट आणि विंडोजमधले डिफेंडर चालू ठेवले, अपडेट वेळेवर केले, तर सामान्य घराला बहुतेक वेळा तेवढे पुरते. विकतच घ्यायचे तर आपल्या पुण्याची क्विक हील आहे. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि भाऊ संजय यांच्यासोबत ती उभी केली. जर्मनीची एव्ही-टेस्ट ही संस्था वेगवेगळी सॉफ्टवेअर तपासून गुण देते, तेही बघा.

नाव मोठे म्हणून डोळे मिटू नयेत. अ‍ॅव्हास्ट हे जगभर वापरले जाणारे अँटीव्हायरस. त्याने ग्राहक काय काय पाहतात याची माहिती गोळा करून आपल्या उपकंपनीमार्फत विकली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. फुकट अ‍ॅप आपल्याकडून काय घेते, हे विचारायला लाज कसली?

एक गोष्ट कुजबुजतच विचारली जाते. बायकोच्या, बहिणीच्या फोनमध्ये घरचेच कुणी पाळतीचे अ‍ॅप टाकतात आणि त्याला काळजी म्हणतात. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत तजस्सुसला मनाई आहे. नाते जवळचे म्हणून ती सैल होत नाही. असे अ‍ॅप सापडले आणि भीती वाटत असेल तर ते घाईने काढू नका, कारण टाकणाऱ्याला लगेच कळते. दुसऱ्या फोनने त्याचा फोटो घ्या आणि त्याच दुसऱ्या फोनवरून महिला हेल्पलाईन १८१ ला बोला.